जगज्जेतेपदाच्या बुद्धिबळ लढतीची बातमी घड्याळासकट द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाची लढत सुरू झाली की आपल्या क्रीडा पानावर तिला जागा मिळते, याबद्दल प्रथम आभार. सिंगापूरला २५ नोव्हेंबर ते १२ डिसेंबर २०२४ या काळात तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन आणि आव्हानवीर डी. गुकेश यांच्यात लढत झाली तेव्हा तर बुद्धिबळ थेट पहिल्या पानावर आले. तरीही त्या बातम्या वाचून डाव नेमका कसा झाला हे खेळणाऱ्या माणसालाही कळत नव्हते आणि न खेळणाऱ्यालाही. गुण किती झाले, बरोबरी किती चालींत झाली, कोणी ‘घोडचूक’ केली, एवढेच हाती लागत होते. या सगळ्यात एक गोष्ट कायम गायब असते, ती म्हणजे घड्याळ. कोणत्या चालीला कोणाकडे किती वेळ उरला होता हे सांगितल्याशिवाय जगज्जेतेपदाच्या डावाची बातमी पुरी होत नाही, असे माझे ठाम मत आहे. गुकेश आता विजेता म्हणून पटावर बसणार आणि आव्हानवीर समोर असणार. त्या लढतीआधी हे सविस्तर लिहावेसे वाटले.

आधी वेळेचा हिशेब. सिंगापूरच्या लढतीत प्रत्येक खेळाडूला पहिल्या ४० चालींसाठी १२० मिनिटे होती. त्यानंतर उरलेल्या संपूर्ण डावासाठी ३० मिनिटे आणि ४१व्या चालीपासून प्रत्येक चालीमागे ३० सेकंदांची भर. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की पहिल्या ४० चालींत भर अजिबात नाही. आपल्याकडच्या बहुतेक मानांकन स्पर्धांत पहिल्या चालीपासून ३० सेकंद मिळत राहतात, त्यामुळे वेळ संपत आला तरी दर चालीला श्वास घ्यायला सवड असते. इथे ती नाही. शून्य म्हणजे शून्य. ४०वी चाल पटावर करून घड्याळ दाबायच्या आत आकडा शून्यावर आला तर डाव गेला, पटावर वजीर जास्त असला तरीही.

सरासरी काढली तर एका चालीला तीन मिनिटे येतात. पण कोणीही सरासरीने खेळत नाही. सुरुवातीच्या चाली घरून पाठ करून आणलेल्या असतात, त्या मिनिटभरात होतात. मग प्रतिस्पर्धी अनपेक्षित चाल करतो आणि माणूस विचारात बुडतो. एका चालीवर तास घालवला की उरलेल्या २९-३० चालींसाठी चालीमागे जेमतेम दोन मिनिटे राहतात. त्यात फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, नियमानुसार, भर नसलेल्या टप्प्यात पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला की खेळाडूला चाली लिहून ठेवण्याची सक्ती नसते. वेळ वाचतो, पण आपली कितवी चाल झाली याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. चाळिसाव्या चालीच्या आसपास ज्या चुका होतात त्यांचे मूळ बऱ्याचदा इथे असते. तिसाव्या ते चाळिसाव्या चालीतली चूक आणि पंधराव्या चालीतली चूक या दोन वेगळ्या जातीच्या चुका आहेत. बातमीत दोन्हींना एकच शब्द वापरला की वाचकाची दिशाभूल होते.

तिसरा डाव घ्या. गुकेश पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता. डिंगने दहाव्या चालीला आपला पांढऱ्या घरांवरचा उंट थेट सी२ वर (उभ्या पट्ट्यांना ए ते एच, आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८), म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या घरात खोलवर नेऊन ठेवला. हा उंट तिथून परत येणार कसा, हा प्रश्न पुढचा सारा वेळ डावावर टांगलेला राहिला. उंट अडकला, दोन प्याद्यांच्या बदल्यात गेला, आणि तो सोडवण्याचे मार्ग शोधता शोधता डिंगचा वेळही गेला. ३७ चालींनंतर त्याचे घड्याळ पडले. निकालात ‘वेळ संपल्याने पराभव’ असे लिहिले जाते आणि वाचकाला वाटते की चांगला चाललेला डाव नशिबाने गेला. प्रत्यक्षात पटावरचा डावही हरलेला होता. अडकलेल्या उंटानेच घड्याळ खाल्ले. या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या तरच त्या डावाला न्याय मिळतो.

याचा अर्थ घड्याळ सगळे ठरवते असा मात्र नाही. पहिल्याच डावात डिंगने सातव्या चालीवर जवळपास अर्धा तास घेतला, गुकेशच्या चाली तेव्हा झरझर होत होत्या, आणि तरी काळ्या मोहऱ्यांनी, फ्रेंच बचाव खेळून, ४२ चालींत डिंग जिंकला. त्याआधी जवळपास दहा महिने त्याने क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या, प्रकारातला एकही डाव जिंकला नव्हता. जागतिक यादीत तो २३वा होता आणि आव्हानवीर पाचवा. लढतीपूर्वी डिंगला मोडीत काढणाऱ्यांना पहिल्याच संध्याकाळी उत्तर मिळाले. या डावात वेळेचे आकडे दिले असते तर डिंगच्या विजयाचे मोल अधिकच कळले असते. पाठ केलेल्या तयारीसमोर तो स्वतःच्या डोक्याने, वेळ मोजून, डाव उभा करत गेला.

अकराव्या डावाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्याच्याबद्दल सर्वांत जास्त चुकीचे छापून आले. सलग सात बरोबऱ्यांनंतर ५-५ अशी स्थिती होती. गुकेशने घोडा एफ३, मग सी४ आणि तिसऱ्याच चालीला बी४ अशी बाजूने चढाई केली. डिंगने चौथ्या चालीवरच अर्ध्या तासाहून अधिक वेळ घेतला. पुढे खुद्द गुकेशने अकराव्या चालीवर सुमारे एक तास घालवला. म्हणजे दोघेही डावाच्या पहिल्या पावात आपापला निम्मा वेळ खर्चून बसले होते. अशा डावात पुढे कोणीतरी चुकणार हे जाणत्यांना तेव्हाच दिसत होते. कोण, एवढाच प्रश्न होता.

आता २८वी चाल. गुकेशचे दोन्ही हत्ती बी पट्टीत एकामागे एक आले, बी५ आणि बी१ वर. घोडा सी५ वर. या तिघांचा रोख एकाच प्याद्यावर, बी७ वर. डिंगचा एक हत्ती बी८ वर आणि दुसरा ई७ वर, वजीर सी७ वर, घोडा सी६ वर. बी७ चे प्यादे वाचवायचे तर ई७ च्या हत्तीला सातव्या रांगेतून मोकळी वाट हवी आणि ती वाट वजिराने अडवलेली होती. म्हणून डिंगने वजीर एक घर मागे, सी८ वर घेतला. चाल दिसायला अगदी स्वाभाविक आहे. प्याद्याला मारणारे तीन, राखणारेही तीन, हिशेब जुळला. पण गुकेशने प्यादे मारलेच नाही. त्याने ई४ वरच्या वजिराने सरळ सी६ चा घोडा मारला आणि डिंगने डाव सोडला.

कारण असे. घोड्याला आधार होता बी७ च्या प्याद्याचा. त्या प्याद्याने वजीर मारला तर प्यादे बी पट्टीतून सी पट्टीत जाते, पट्टी उघडी पडते आणि बी५ चा हत्ती बी८ चा हत्ती मारून वजिरावर येतो. वजिराने तो हत्ती मारला की बी१ चा दुसरा हत्ती वजीर मारतो, वर शहही मिळतो. जमाखर्च केला तर पांढऱ्याने वजीर आणि एक हत्ती दिला. मिळाले घोडा, हत्ती आणि वजीर. निव्वळ एक घोडा जास्त. काळ्याने प्याद्याऐवजी वजिराने वजीर मारला तर जी२ चा उंट तो मारतो आणि त्या उंटालाही प्यादे मारू शकत नाही, कारण पट्टी उघडण्याचा प्रश्न तोच. एका प्याद्यावर दोन कामे पडली होती, घोड्याला आधार देणे आणि पट्टी बंद ठेवणे. घड्याळात मोजकी मिनिटे उरलेल्या माणसाने पहिले काम पाहिले आणि दुसरे पाहिले नाही. एवढा मजकूर एका परिच्छेदात बसतो. शेजारी पटाचे एक चित्र दिले तर शाळेतला मुलगाही तो पटावर मांडून पाहील. त्याऐवजी ‘डिंगची अक्षम्य चूक’ एवढेच छापले गेले.

आणि दुसऱ्याच दिवशी, मध्ये विश्रांती नसताना, डिंगने बाराव्या डावात ३९ चालींत गुकेशला हरवून पुन्हा ६-६ केले. त्या डावात पांढऱ्याने कुठेही घाई केली नाही, प्रत्येक चालीने काळ्याची जागा थोडी थोडी कमी केली. माझ्या मते संपूर्ण लढतीतला हा सर्वांत निर्दोष डाव. त्याची बातमी आदल्या दिवशीच्या निम्मीही नव्हती.

बरोबरीबद्दल. १४ पैकी ९ डाव बरोबरीत सुटले आणि ‘नीरस’, ‘निष्फळ’, ‘सावध’ ही विशेषणे आलटून पालटून आली. या लढतीत काळ्याची ४०वी चाल होईपर्यंत एकमेकांच्या संमतीने बरोबरी करायला बंदी होती. त्याआधी बरोबरी होते ती बहुधा तीच स्थिती, त्याच खेळाडूची चाल असताना, तिसऱ्यांदा आल्यास. चाली लागोपाठ असाव्यात असेही नाही, स्थिती तीच हवी. खेळाडू आपली चाल लिहून पंचांना तसे सांगतो, पंच नोंद तपासतात आणि डाव संपतो. दुसरा डाव २३ चालींत आणि दहावा ३६ चालींत संपला तो याच मार्गाने. तेव्हा डाव चाळिशीच्या आत बरोबरीत सुटला की बातमीत पहिला प्रश्न हवा तो असा, की पुनरावृत्ती कोणाला हवी होती आणि कोणाला टाळता आली असती?

सहाव्या डावात याचे उत्तर स्पष्ट होते. डिंग पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता, त्याची स्थिती किंचित बरी होती, तरी तो पुनरावृत्तीला तयार होता. काळ्याकडून खेळणाऱ्या गुकेशने २६व्या चालीला वजीर एच४ वर नेऊन ती नाकारली. स्थिती थोडी वाईट असताना बरोबरी नाकारायची याला धाडस लागते आणि त्यात धोकाही असतो. डाव ४६ चालींत बरोबरीतच सुटला. गुणफलकात त्याची नोंद ‘अर्धा-अर्धा’ अशी झाली आणि बातमीतही तशीच. पण आव्हानवीर डिंगला एक संध्याकाळही सुखाने उठू देणार नाही, हे त्या डावात ठरले. सातव्या डावात तर ७२ चाली झाल्या, पाच तासांहून अधिक वेळ गेला, गुकेशने हाती आलेली विजयाची संधी ४५व्या चालीला घालवली आणि डिंगने चिवटपणे डाव वाचवला. त्या डावाला कोणी नीरस म्हणत असेल तर त्याने तो पाहिलेला नाही.

संगणकाच्या गुणांकाबद्दलही सांगायला हवे. हल्ली थेट प्रक्षेपणात पटाशेजारी इंजिनचा, म्हणजे डाव तपासणाऱ्या संगणक प्रणालीचा, पट्टा असतो, त्यावर अधिक-उणे आकडे येतात आणि तेच बातमीत उतरतात. शून्य आकडा दिसला की ‘समसमान स्थिती’ असे लिहिले जाते. तेराव्या डावात डिंगच्या ३१व्या चालीला स्थिती वाचवणारी एकच चाल होती, हत्ती एफ८. बाकी कोणतीही चाल केली असती तर डाव गेला असता. डिंगने ती शोधली. इंजिनच्या लेखी त्या क्षणी स्थिती समान होती, माणसाच्या लेखी तो कड्याच्या टोकावर उभा होता. आकडा द्यायचा असेल तर त्याबरोबर वाचवणाऱ्या चाली किती होत्या आणि वेळ किती होता, हेही द्यावे. नुसता आकडा देण्यापेक्षा न दिलेला बरा.

आता चौदावा डाव, ज्याच्यावरून सर्वांत जास्त गदारोळ झाला. डिंगकडे पांढरे मोहरे. ६.५-६.५ अशी बरोबरी. हा डावही बरोबरीत सुटला असता तर दुसऱ्या दिवशी जलद डाव झाले असते, प्रत्येकी १५ मिनिटे आणि चालीमागे १० सेकंद असे चार, आणि त्या प्रकारात डिंगचे पारडे जड मानले जात होते. म्हणून त्याने मोहऱ्यांची अदलाबदल करत, एक प्यादे देऊनही, डाव शांत केला. पटावर दोघांकडे एक हत्ती आणि एकाच रंगाच्या घरांवरचा एक उंट, सगळी प्यादी राजाच्या बाजूला, गुकेशची तीन आणि डिंगची दोन. अशी स्थिती नीट खेळली तर वाचते. पण ती खेळत बसावे लागते, आणि गुकेशला घाई नव्हती. त्याच्या घड्याळात डिंगहून कितीतरी अधिक वेळ होता.

डिंगचा उंट ए८ वर, पटाच्या कोपऱ्यात होता. कोपऱ्यातल्या उंटाला एकच कर्ण मिळतो. ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. गुकेशने हत्ती मारला, डिंगच्या राजाने हत्ती मारला, आणि ५६व्या चालीला गुकेशने उंट डी५ वर आणून ठेवला. आता ए८ च्या उंटाला पळायला जागाच नाही. बी७, सी६, डी५ ही त्याची तिन्ही घरे त्याच कर्णावर आणि तो कर्ण काळ्या उंटाच्या माऱ्यात. उंटांची अदलाबदल सक्तीची झाली. उरले राजे आणि प्यादी, गुकेशचे एक प्यादे जास्त, त्याचा राजा पटाच्या मध्यावर. ५८ चालींत डिंगने डाव सोडला. उंट ए८ ऐवजी दुसऱ्या कर्णावर पळू शकेल अशा घरावर असता, तर तीच हत्तींची अदलाबदल चालून गेली असती. चूक हत्तीची चाल आणि उंटाची जागा यांच्या जोडीत होती. तासन् तास बसलेल्या, १८ दिवस लढलेल्या माणसाने ‘मोहरे कमी झाले की बरोबरी जवळ येते’ या सवयीच्या विचाराने केलेली ती चाल होती. खरे तर प्यादे कमी असलेल्याने प्यादी मारामारीत घालवावीत आणि मोहरे राखावेत, कारण नुसत्या राजा-प्याद्यांच्या शेवटात एक जास्तीचे प्यादे बहुतेक वेळा डाव जिंकून देते. हा धडा प्रत्येक प्रशिक्षक पहिल्या वर्षातच देतो, आणि थकलेल्या डोक्यातून तोच पहिला निसटतो.

यानंतर रशियन बुद्धिबळ महासंघाचे प्रमुख आंद्रेई फिलातोव्ह यांनी डिंग मुद्दाम हरला असा संशय घेतला आणि चौकशीची मागणी केली. ते ठळक छापले गेले. फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी चुका हा खेळाचा भागच आहे असे सांगून लढतीच्या दर्जाची पाठराखण केली, ते मात्र कोपऱ्यात गेले. असा आरोप छापताना जगज्जेतेपदाच्या लढतींचा इतिहास शेजारी ठेवायला हवा. १८९२ मध्ये हवानाला तेव्हाच्या विजेत्या श्टाइनिट्झविरुद्ध २३व्या डावात चिगोरिन जिंकत होता. एच२ चे घर राखणारा उंट त्याने ३२व्या चालीला हलवला आणि दोन चालींत मात ओढवून घेतली; डाव गेला, लढतही गेली. १९७२ मध्ये रेक्याविकला पहिल्याच डावात फिशरने एच२ चे प्यादे उंटाने मारून उंट अडकवून घेतला. २०१४ मध्ये सोचीला सहाव्या डावात विजेत्या कार्लसनने २६व्या चालीला राजा डी२ वर नेऊन चूक केली. घोड्याने ई५ चे प्यादे मारले असते तर आनंदचा डाव वरचढ झाला असता. आनंदने ए४ ही प्याद्याची चाल केली आणि संधी गेली. दोन जगज्जेते, लागोपाठच्या दोन चाली. २०२१ मध्ये दुबईला सहाव्या डावात १३६ चाली, पावणेआठ तास खेळून हरल्यानंतर नेपोम्नियाच्ची नवव्या डावात वेळ असतानाही झटकन सी५ खेळला आणि बी७ वरचा स्वतःचा उंट गमावून बसला. यातल्या कोणावर मुद्दाम हरल्याचा शिक्का कोणी मारला नाही. डिंगवरही तो मारण्याचे कारण नाही. आजारपणातून आणि निराशेतून बाहेर येत तो लढला आणि शेवटच्या डावाच्या अखेरच्या चालींपर्यंत जगज्जेता राहिला.

काही किरकोळ, पण वारंवार होणाऱ्या चुका. विश्वचषक आणि जगज्जेतेपद या दोन वेगळ्या स्पर्धा आहेत. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियात बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, त्यामुळे ती ग्रँडमास्टर झाली आणि आव्हानवीर ठरवणाऱ्या महिलांच्या कँडिडेट्स स्पर्धेची पात्रता तिला मिळाली. हे यश प्रचंड आहे, ते फुगवून ‘जगज्जेती’ म्हणायची गरज नाही. महिलांचे जगज्जेतेपद त्या वेळी चीनच्या जू वेनजुनकडे होते. त्याच वर्षी गोव्यात झालेल्या विश्वचषकात गुकेश तिसऱ्या फेरीत बाद झाला तेव्हा ‘जगज्जेतेपद धोक्यात’ असा सूर लागला. तिथे त्याचे पद पणाला लागलेलेच नव्हते. बाद पद्धतीच्या विश्वचषकातून तिघे कँडिडेट्समध्ये जातात, तिथे आठ जण प्रत्येकाशी दोनदा खेळतात, त्यातला विजेता आव्हानवीर ठरतो आणि तो एकटाच विजेत्याशी खेळतो. टोरांटोला २०२४ मध्ये गुकेशने १४ पैकी ९ गुण मिळवून हाच टप्पा पार केला. नाशिकचा विदित गुजराथीही त्या आठांत होता आणि त्याने अमेरिकेच्या नाकामुराला दोन्ही डावांत हरवले होते, ही आठवण मराठी वृत्तपत्रांनी तरी जागी ठेवावी.

लढत बरोबरीत सुटली तर पद विजेत्याकडे राहते, हाही जुना समज. १९८७ मध्ये सेव्हिलला कास्पारोव्हने शेवटचा डाव जिंकून १२-१२ केले आणि पद राखले, २००४ मध्ये ब्रिसागोला क्रामनिकने लेकोविरुद्ध ७-७ वर राखले. आता तसे नाही. जलद डाव होतात आणि तिथे दोघे समान पातळीवर असतात. डिंग स्वतः २०२३ मध्ये अस्तानाला असेच जिंकला होता. बक्षिसाचेही तसेच. २५ लाख डॉलर ही एकूण रक्कम होती. प्रत्येक विजयाला दोन लाख, म्हणजे गुकेशचे सहा आणि डिंगचे चार, उरलेले १५ लाख निम्मे-निम्मे. गुकेशला १३.५ लाख मिळाले आणि डिंगला ११.५ लाख. सगळे २५ लाख विजेत्याला देऊन टाकणाऱ्या बातम्या कमी नव्हत्या.

हे सारे छापायला वेळ कुठे आहे, असे संपादकीय विभाग म्हणेल. सिंगापूरचे डाव भारतीय वेळेनुसार दुपारी अडीचला सुरू होत होते. पहिल्या ४० चाली फार तर साडेसहाला संपतात, कारण दोघांचे मिळून चारच तास असतात. त्यापुढचा लांबलेला डावही आठच्या आसपास आटोपतो. शहर आवृत्तीला पुरेसा अवधी राहतो. पुढची लढत युरोपात झाली तर गणित बदलेल. तेव्हा बातमी त्याच रात्री आणि डावाची चिकित्सा एक दिवस उशिरा दिली तरी चालेल. घाईने दिलेल्या अर्धवट चिकित्सेपेक्षा ती कधीही बरी.

जागेचे म्हणाल तर ५८ चालींचा डाव बारीक टाइपात दोन रकान्यांत ३० ओळींत बसतो. मोहऱ्यांना रा, व, ह, उ, घ ही अक्षरे द्यावीत, प्याद्याला काही नको, घरांना ए ते एच आणि १ ते ८. ही पद्धत एकदा ठरवून रोज तीच ठेवावी. चालींखाली एक ओळ वेळेची, दहाव्या, विसाव्या, तिसाव्या आणि चाळिसाव्या चालीनंतर दोघांकडे किती मिनिटे उरली. थेट प्रक्षेपणातून मिळणाऱ्या डावाच्या संगणकीय नोंदीत प्रत्येक चालीपुढे उरलेला वेळ असतो, तो शोधावा लागत नाही. ज्या चालीवर २० मिनिटांहून अधिक वेळ गेला तिच्यापुढे तो आकडा कंसात द्यावा. एवढे दिले की वाचक स्वतःच सांगेल डाव कुठे फिरला.

पटाचे चित्र एकच द्या, पण योग्य क्षणाचे. शेवटच्या स्थितीचे चित्र निरुपयोगी असते, कारण तोवर सगळे घडून गेलेले असते. चुकीच्या चालीच्या एक चाल आधीचे चित्र द्यावे. अकराव्या डावासाठी डिंगने वजीर सी८ वर नेण्यापूर्वीचे, चौदाव्यासाठी हत्ती एफ२ वर येण्यापूर्वीचे. खाली कितव्या चालीनंतरची स्थिती आणि चाल कोणाची, हे लिहावे. कडेला अक्षरे आणि आकडे असावेत. आणि पानाची मांडणी करताना चित्र आडवे फिरत नाही ना, हे कोणीतरी पाहावे. पांढरे खाली असताना उजव्या हाताचे कोपऱ्यातले घर, म्हणजे एच१, पांढरेच हवे. ते काळे दिसले तर चित्र फिरले आहे असे समजून छपाईआधी थांबवावे.

आपला,
एक बुद्धिबळ प्रशिक्षक
सांगली